जुन्या छापील पुस्तकातली ग्रीक पुराणकथेतली बाई नेमकी कोण? ओळख पटवण्याची रीत

छातीत तलवार खुपसून घेणारी बाई दिसली की खाली 'लुक्रेशिया' लिहिलं जातं. मागावर बसलेली दिसली की 'पेनेलोपी', आणि चिलखत घातलेली दिसली की 'पेंथेसिलिया'. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या पुस्तकांमधली लाकडी ठशांची चित्रं आता घरबसल्या बघायला मिळतात. मराठीत त्यांच्यावर लिहिणारे वाढलेत, आणि त्यांच्याबरोबर चित्राखालच्या अशा चुकीच्या ओळीही वाढल्यात. चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. माणूस चित्रापासून सुरुवात करतो आणि पुस्तकापर्यंत पोचतच नाही.

मीही हे केलं आहे. एका भाषणासाठी मी थिस्बीचं चित्र लुक्रेशिया म्हणून पडद्यावर दाखवलं. चित्राच्या कडेला एक सिंहीण होती, तिच्याकडे पाहिलं असतं तरी ओळख पटली असती. पण मला मिळालेल्या चित्राची ती कड आधीच कुणीतरी कापून टाकलेली होती. त्या दिवसापासून मी एक क्रम ठरवला: पुस्तक, पान, मजकूर, आणि सगळ्यात शेवटी चित्र. खालचे टप्पे त्याच क्रमानं आहेत. घाईत मधला एखादा गाळलात तर पुढचे टप्पे फसतात.

## तयारी

चार गोष्टी हाताशी घेऊन बसा.

पहिली, नावांची यादी. ही पुस्तकं लॅटिनमध्ये किंवा लॅटिनवरून केलेल्या भाषांतरांत आहेत, त्यामुळे ग्रीक देवतांची रोमन नावं येतात. अथीना म्हणजे मिनर्व्हा, हेरा म्हणजे जूनो, डिमीटर म्हणजे सेरेस, अ‍ॅफ्रोडायटी म्हणजे व्हीनस, आर्टेमिस म्हणजे डायना, पर्सेफनी म्हणजे प्रोसर्पिना. 'अथीना' शोधत पुस्तक चाळलंत तर ती बहुतेक सापडणारच नाही.

दुसरी, रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फोसिस'चं आणि इटालियन लेखक बोकाच्चोच्या 'दे मुलिएरिबुस क्लारिस'चं (प्रसिद्ध स्त्रियांविषयीच्या पुस्तकाचं) तुम्हाला वाचता येईल असं भाषांतर. या विषयातली निम्मी चित्रं तरी या दोन ग्रंथांभोवती फिरतात.

तिसरी, वही. तिच्यात पाच रकाने आखा: पुस्तक व आवृत्ती, पत्र (पुढची-मागची बाजू मिळून एक कागद) क्रमांक, मजकुरातलं नाव, चित्रात दिसतं ते, निष्कर्ष. शेवटचा रकाना शेवटपर्यंत कोरा ठेवायचा.

चौथी गोष्ट वेळ. सवय होईपर्यंत एका चित्राला दोन तास धरून चाला.

## टप्पा १ : सुटं चित्र बाजूला ठेवा, अख्खं पुस्तक शोधा

बहुतेकांकडे चित्र येतं ते फोनवर कापलेलं, रंग भडक केलेलं, खाली कुणाची तरी ओळ असलेलं. त्यावर काम करू नका. प्रतिमाशोध वापरून ते कुठल्या पुस्तकातलं आहे याचा माग काढा आणि ग्रंथालयानं पूर्ण स्कॅन केलेली प्रत उघडा. म्युनिकचं बायरिशे स्टाट्सबिब्लिओथेक आणि वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस या दोन ठिकाणी अशा पुस्तकांच्या पूर्ण प्रती पाहता येतात.

१५०० सालापर्यंत छापलेल्या पुस्तकांना, म्हणजे दोलामुद्रितांना, दोन मोठ्या सूची आहेत: आयएसटीसी आणि जर्मन 'गेझाम्टकाटालोग'. त्यानंतरच्या पुस्तकांसाठी यूएसटीसी बघा. सूचीतला क्रमांक पहिल्या रकान्यात उतरवून घ्या. एकाच पुस्तकाच्या दहा आवृत्त्या असतात, आणि नुसतं 'बोकाच्चोचं पुस्तक' एवढं लिहून काहीच ठरत नाही.

सावधान. स्कॅनचा आकडा आणि पुस्तकाचा आकडा वेगळे असतात. या काळात पानांना नव्हे, पत्रांना आकडे देत, तेही दिले तर. आपल्या पोथीत जसा पत्राला एकच आकडा असतो आणि पुढची-मागची बाजू आपण तोंडी सांगतो, तसंच इथे आहे. 'पत्र ४१, पुढची बाजू' असं लिहा. 'पान ८९' हा स्कॅनरचा आकडा आहे. दुसऱ्या ग्रंथालयाच्या प्रतीत तो जुळणार नाही.

पडताळा. चित्राच्या चारही कडांची चौकट तुम्हाला दिसते का? एक जरी कड दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : पुष्पिका वाचा

सुरुवातीच्या पुस्तकांना शीर्षकाचं पान नसतं. कुणी छापलं, कुठं, कधी, हे शेवटच्या पत्रावर, म्हणजे पुष्पिकेत असतं. काही पुस्तकांत तेही नसतं. मग सूचीत दिलेली माहिती घ्यायची आणि ती सूचीतली आहे असं लिहायचं.

ज्यांच्याशी तुमची वारंवार गाठ पडेल, ती पुस्तकं अशी. बोकाच्चोचा स्त्रीचरित्रांचा ग्रंथ उल्म शहरात योहान त्साइनरनं १४७३ मध्ये लॅटिनमध्ये छापला. त्याच छापखान्यातून हाइनरिश श्टाइनह्योव्हेलचं जर्मन भाषांतर निघालं. हार्टमान शेडेलचा इतिहासग्रंथ, म्हणजे 'न्यूरेंबर्ग क्रॉनिकल', आंटोन कोबर्गरनं १४९३ मध्ये आधी लॅटिन आणि त्याच वर्षी जर्मन असा छापला. ओव्हिडची सचित्र इटालियन आवृत्ती व्हेनिसमध्ये १४९७ साली लुकांतोनियो जुंतासाठी छापली गेली. आल्दुस मानुशियसनं छापलेली 'हिप्नेरोतोमाकिया पोलिफिली' ही स्वप्नकथा १४९९ च्या डिसेंबरमधली. सेबास्टियान ब्रांटनं संपादित केलेला, रोमन कवी व्हर्जिलचा सचित्र ग्रंथ १५०२ मध्ये श्ट्रासबुर्गला ग्र्युनिंगरनं काढला. मग लियोंचा १५५७ चा ओव्हिड येतो, १७८ चित्रांचा, बर्नार सालोमोंनं रेखाटलेला. आणि १५६३ मध्ये फ्रँकफर्टला व्हिर्गिल झोलिसचा.

एवढी सात पुस्तकं नीट ओळखीची झाली की नवीन चित्र समोर आल्यावर ते कुठल्या घराण्यातलं आहे, हे चटकन कळायला लागतं.

## टप्पा ३ : मजकूर कुणाचा आहे ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे रेंगाळतो.

ग्रीक पुराणकथेचा एकच अधिकृत पाठ नाही. सर्सी ही चेटकीण घ्या. ग्रीक महाकवी होमरची सर्सी, ओव्हिडची सर्सी आणि बोकाच्चोची सर्सी या तीन वेगळ्या बायका आहेत असं समजूनच कामाला लागा. ठसा कोरणाऱ्याला चित्र काढायला सांगितलं गेलं ते त्या पुस्तकातल्या मजकुरासाठी. तुमच्या डोक्यातल्या कथेशी त्याला देणंघेणं नव्हतं.

बोकाच्चो देवतांना माणसांत आणतो. त्याच्या लेखी व्हीनस ही सायप्रसची राणी आणि सेरेस ही सिसिलीची राणी. राजकन्या युरोपाच्या कथेत बैल खरा नाही. तिला पळवून नेणाऱ्या जहाजावर पांढऱ्या बैलाचं चिन्ह होतं, असं तो सांगतो. मेडुसा ही फोर्कसची श्रीमंत, अतिशय देखणी मुलगी, आणि तिचे सापांचे केस ही कवींनी रचलेली गोष्ट. आता बोकाच्चोच्या पुस्तकात तुम्ही सापांचे केस शोधत बसलात, आणि न दिसल्यामुळे 'ही मेडुसा नव्हे' असं ठरवलंत, तर चूक चित्राची नाही. याउलट ओव्हिडच्या पुस्तकात युरोपाच्या खाली बैल नसेल तर तुम्ही चुकीच्या पत्रावर आहात.

डायडोचं उदाहरण तर पाठच करून ठेवा. व्हर्जिलची डायडो, कार्थेजची राणी, तिचा प्रियकर ईनिअस सोडून गेला म्हणून जीव देते. म्हणून व्हर्जिलच्या चित्रात दूर जाणारी जहाजं बघायची. बोकाच्चोची डायडो ईनिअससाठी मरत नाही. आपल्या दिवंगत नवऱ्याशी, सिकियसशी, एकनिष्ठ राहायचं आणि शेजारच्या राजाशी लग्न करायचं नाही म्हणून ती लोकांसमोर चितेवर चढून स्वतःला संपवते. तिथं ईनिअसला शोधणं व्यर्थ आहे. मी अशा चित्राखाली 'ईनिअसच्या विरहात डायडो' अशी ओळ वाचली आहे. ती लिहिणाऱ्यानं चित्राशेजारचा मजकूर उघडलाच नव्हता.

क्लायटेम्नेस्ट्राच्या बाबतीत मजकूर चित्रातली एक विचित्र वस्तू उलगडून देतो. बोकाच्चो लिहितो की तिनं नवऱ्याला, आगामेम्नॉनला, गळ्याशी बंद असलेलं वस्त्र दिलं. त्यानं बाह्यांत हात घातले, डोकं बाहेर काढायला वाट शोधू लागला, आणि तेवढ्यात तिच्या प्रियकरानं, ईजिस्थसनं, त्याला मारलं. हे वाचलं नसेल तर डोक्यावर कापड घेतलेला माणूस तुम्हाला न्हाणारा, वेडा किंवा आंधळा वाटेल. वाचल्यावर ते कापड हीच त्या प्रसंगाची खूण ठरते.

'हिप्नेरोतोमाकिया'ची गोष्ट निराळी. तिथे युरोपा, लीडा आणि डॅनाई एका स्वप्नातल्या विजयरथांच्या मिरवणुकीत येतात. रथाची मिरवणूक एका चित्रात आणि रथाच्या बाजूच्या फळ्यांवरची कोरीव दृश्यं वेगळ्या चित्रांत आहेत. फळीवरचं दृश्य सुटं कापून त्याला 'ओव्हिडमधलं चित्र' म्हणणं ही नेहमीची चूक. कथा ओव्हिडमध्ये असली तरी चित्र ओव्हिडच्या पुस्तकातलं नाही.

पडताळा. चित्रातला प्रसंग त्या पुस्तकातल्या कुठल्या वाक्यात आहे, ते वाक्य वहीत उतरवलंत का? वाक्य मिळालं नसेल तर टप्पा ३ अजून संपलेला नाही.

## टप्पा ४ : शीर्षक, अक्षरं, नावाची मोडतोड

चित्राचा मजकूर वर की खाली, हे आधी पाहा. सर्वसाधारणपणे चित्र प्रकरणाच्या तोंडाशी असतं, म्हणजे मजकूर त्याच्या खाली. पण वरचं प्रकरण पत्राच्या मध्यावर संपलं असेल तर चित्र दोन प्रकरणांच्या मध्ये अडकतं, आणि नवखा माणूस वरच्या नावाला चिकटवतो. पुस्तकातली ओळीनं दहा चित्रं पाहा. छापणाऱ्याची सवय लक्षात येते.

शीर्षक वाचायला लॅटिन शिकायची गरज नाही. 'दे' म्हणजे 'विषयी', त्यानंतर नाव, त्यानंतर नातं. 'रेजिना' राणी, 'फिलिया' मुलगी, 'व्हिर्गिने' कुमारी, 'कोन्यूगे' पत्नी. 'दे पेनेलोपे उलिक्सिस कोन्यूगे' म्हणजे 'युलिसिसची पत्नी पेनेलोपी हिच्याविषयी'. 'दे सर्से सोलिस फिलिया' म्हणजे 'सूर्याची मुलगी सर्सी हिच्याविषयी'. एवढ्या चार शब्दांवर बोकाच्चोची निम्मी शीर्षकं सुटतात.

नावं मात्र जशी अपेक्षित असतात तशी भेटत नाहीत. सुरुवातीचा 'एच' गळतो, 'वाय' आणि 'आय' एकमेकांची जागा घेतात, 'एई' या जोडअक्षराचा नुसता 'ई' होतो. हायपर्मनेस्ट्राची 'यपर्मेस्ट्रा' होते, थिस्बीची 'तिस्बे', क्लायटेम्नेस्ट्राची 'क्लितेमेस्ट्रा'. त्यातच लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, आणि स्वरावर आडवी रेघ असली की पुढचा 'एम' किंवा 'एन' गाळलेला असतो. अक्षरं जुळवणाऱ्यानं ओळीत खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, बसावेत म्हणून केलेली ही काटकसर आहे. रेघ दिसली की अक्षर मनात भरून वाचा.

नाव तरीही लागत नसेल तर आधीचं आणि नंतरचं प्रकरण बघा. बोकाच्चोच्या मूळ ग्रंथात १०६ स्त्रिया आहेत आणि त्यांचा क्रम पक्का आहे. पेनेलोपीच्या आधी कॅमिला येते, नंतर लाव्हिनिया. भाषांतरांत काही प्रकरणं गाळलेली असतात, म्हणून क्रमांकावर भिस्त ठेवू नका, क्रमावर ठेवा.

सावधान. ठशातच, माणसाच्या डोक्याजवळ, नाव कोरलेलं असतं तेव्हा ते मोठी मदत करतं. पण शाईनं हातानं लिहिलेलं नाव आणि ठशात कोरलेलं नाव यांत गफलत करू नका. हातानं लिहिलेलं नाव शंभर वर्षांनंतरच्या वाचकाचंही असू शकतं, आणि तोही आपल्यासारखाच चुकू शकतो. शंका आली तर त्याच आवृत्तीची दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत उघडा. दोन्हीकडे असेल तर छापलेलं, एकीकडेच असेल तर लिहिलेलं.

## टप्पा ५ : आता चित्र वाचा

इथपर्यंत चित्राचा अर्थ लावायचा मोह आवरला असेल तर आता डोळे मोकळे सोडा. तरीही क्रम ठेवा: आधी मोजा, मग वस्तू लिहा, मग नाव.

मोजा. एका चौकटीत तीच बाई दोन-तीनदा येऊ शकते, कारण कथेचे टप्पे शेजारी शेजारी मांडायची पद्धत होती. व्हेनिसच्या १४९७ च्या ओव्हिडमध्ये हे सर्रास दिसतं. एकाच ठशात अपोलो अजगराला मारतो, डॅफ्नीच्या मागे धावतो आणि डॅफ्नीचं झाड होतं. तीन पुरुष आणि दोन स्त्रिया असं मोजलंत तर कथा हरवली. सारखा पोशाख, सारखं शिरस्त्राण, सारखी केशरचना या धाग्यावरून एकाच व्यक्तीची रूपं जोडा.

वस्तू लिहा, पण एका वस्तूवर निकाल देऊ नका. मागाचं बघा. एकट्या बोकाच्चोच्या पुस्तकात सूत-कापडाशी जोडलेल्या पाच जणी आहेत: लोकरीचं काम शोधून काढणारी मिनर्व्हा, अ‍ॅराक्नी, ग्रीक पाम्फिली, रोमन राणी गाया सिरिला आणि पेनेलोपी. माग किंवा चरखा हा या पाचही जणींचा. वेगळेपण शेजारच्या गोष्टीत असतं. गळफास किंवा कोळ्याचं जाळं दिसलं तर अ‍ॅराक्नी. झाडावरून कापूस वेचला जात असेल तर पाम्फिली. लग्नाला आलेले पुरुष आणि परतणारा नवरा असतील तर पेनेलोपी.

छातीत शस्त्र खुपसणाऱ्या तिघींचंही तसंच. थिस्बीजवळ आधीच मेलेला तरुण, झरा, झाड आणि सिंहीण. एखादं खाली पडलेलं वस्त्रही. डायडोजवळ चिता. लुक्रेशियाजवळ जिवंत माणसं, म्हणजे नवरा, वडील आणि त्यांचे सोबती, आणि ती मुळात पुराणकथेतली नव्हे, रोमच्या इतिहासातली. यांतली एकही खूण सापडली नाही तर 'तलवार खुपसून घेणारी स्त्री' एवढंच लिहा आणि मजकुराकडे परत जा.

पेंथेसिलिया ही अ‍ॅमेझॉनांची, म्हणजे ग्रीक कथांतल्या लढवय्या स्त्रियांची, राणी. पण शस्त्रधारी स्त्रिया म्हणजे सगळ्या पेंथेसिलिया नव्हेत. बोकाच्चोकडे मार्पेसिया आणि लाम्पेडो ही जोडी आहे, ओरिथिया आणि अँटिओपी ही दुसरी जोडी, मग पेंथेसिलिया; शिवाय कॅमिला, जी अ‍ॅमेझॉनही नाही. दोन शस्त्रधारी राण्या शेजारी उभ्या दिसल्या तर आधी या दोन जोड्या तपासा.

पोशाखावर विसंबू नका. उल्मच्या ठशातली ग्रीक राणी पंधराव्या शतकातल्या दक्षिण जर्मन बाईसारखी नटलेली असते. लांब झगा, डोक्याला गुंडाळलेलं वस्त्र, मागे कौलारू घरं. मुकुट दिसला म्हणून ती राणी असेलच असं नाही, आणि उघडी दिसली म्हणून व्हीनस असेलच असंही नाही.

जवळून एक चित्र बघू. 'न्यूरेंबर्ग क्रॉनिकल'च्या ४१ व्या पत्राच्या पुढच्या बाजूला सर्सी आहे. होमर सांगतो की तिनं युलिसिसच्या सोबत्यांची डुकरं केली. इथे पाण्यात होडी आहे, होडीत माणसं आहेत, आणि त्यांच्या धडांवर वेगवेगळ्या प्राण्यांची डोकी आहेत. अंग माणसाचं, हातपाय माणसाचे, कपडे शाबूत, फक्त डोकं बदललेलं. डुकरं शोधणारा हे पत्र उलटून पुढे जाईल. चार पायांवरच्या जनावरापेक्षा कपड्यातलं जनावर 'हा माणूस होता' हे सांगतं, म्हणून ठसेकारानं अर्ध्यावरच थांबवलेलं हे रूपांतर मला फार मोलाचं वाटतं. सर्सीच्या कुठल्याही चित्रात आधी या अर्धवट बदललेल्या माणसांना शोधा, पेल्याला नंतर.

पडताळा. वहीतली नोंद चित्र न बघितलेल्या कुणाला तरी वाचून दाखवा. 'दुःखी', 'कपटी', 'मोहक' असे शब्द त्यात असतील तर ते खोडा. ते तुम्हाला कथा माहीत आहे म्हणून आलेत.

## टप्पा ६ : हा ठसा याच बाईसाठी कोरला होता का?

लाकडी ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच दाबात छापला जायचा, आणि काम झाल्यावर कपाटात परत जायचा. तिथून तो पुन्हा निघायचा, विकला जायचा, दुसऱ्या नावाखाली छापला जायचा. 'न्यूरेंबर्ग क्रॉनिकल'मध्ये १८०९ चित्रं आहेत आणि ती ६४५ ठशांतून छापलेली आहेत. म्हणजे तीच मुद्रा अनेक नावांखाली येते. फेरारामध्ये १४९७ ला छापलेल्या, बेर्गामोच्या फोरेस्तीच्या स्त्रीचरित्रांच्या पुस्तकातही एकच चेहरा वेगवेगळ्या बायकांसाठी वापरलेला आहे. अशा चित्राला 'मेडियाचं (पोटची मुलं मारणाऱ्या राजकन्येचं) चित्र' म्हणायचं नाही. 'मेडियाच्या मजकुराशेजारी वापरलेला सर्वसाधारण स्त्रीचा ठसा' असं म्हणायचं. दोन्हींत मोठा फरक आहे, कारण पहिल्या वाक्यानंतर लोक मेडियाच्या नजरेतली क्रूरता वर्णन करायला लागतात.

म्हणून अख्खं पुस्तक एकदा पहिल्या पत्रापासून शेवटच्यापर्यंत चाळा आणि तोच ठसा आणखी कुठे आलाय का बघा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पंधराव्या शतकातल्या पुस्तकचित्रांसाठी प्रतिमा जुळवून दाखवणारं साधन तयार केलं आहे. तेही वापरा, पण चाळणं टाळू नका.

यानंतर नकलेची तपासणी. उल्मच्या बोकाच्चोच्या चित्रांवरून लूव्हेनमध्ये १४८७ ला आणि झारागोझात १४९४ ला नव्यानं ठसे कोरले गेले. लियोंच्या सालोमोंवरून फ्रँकफर्टच्या झोलिसनं घेतलं. छापलेलं चित्र समोर ठेवून जसंच्या तसं लाकडावर उतरवलं की छापताना ते आरशातल्यासारखं उलटं येतं. झोलिसची बहुतेक चित्रं सालोमोंच्या तुलनेत अशीच उलटी आहेत. तपासायची सोपी युक्ती: फोनमध्ये एक चित्र आडवं पलटवा आणि दुसऱ्याशेजारी ठेवा. डाव्या हातात तलवार धरलेली माणसं भेटायला लागली की नकलेचा संशय घ्या. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. मूळ ठसेकारही कधी कधी हात उलटे करून बसतो.

तोच ठसा आहे की नवा, हे ठरवायला कडा बघा. वापरानं चौकटीच्या रेघेत खंड पडतात आणि ते कधीच भरून येत नाहीत. दोन छापांत खंड त्याच जागी असतील तर ठसा तोच, आणि ज्यात खंड जास्त तो छाप नंतरचा.

सावधान. चित्रात बारीक गोल पांढरे ठिपके दिसले तर त्यांना डोळे, मणी किंवा तारे समजू नका. ठशाचं लाकूड किड्यानं खाल्लं की तिथं शाई लागत नाही आणि पांढरा गोल उमटतो. कागदाला लागलेला किडा वेगळा: तिथं खरोखरचं भोक असतं आणि ते पुढच्या पत्रावरही त्याच जागी दिसतं.

## टप्पा ७ : प्रत वेगळी, आवृत्ती वेगळी

हे थोडक्यात. रंग बहुतेक वेळा हातानं, छपाईनंतर भरलेले असतात. एका प्रतीत मेडियाचा झगा लाल, दुसऱ्यात हिरवा, तिसऱ्यात काहीच नाही. लाल झग्याचा अर्थ लावत बसू नका.

नग्न आकृत्यांवर शाई फासलेली किंवा कागद खरवडलेला दिसला तर तेही त्या प्रतीपुरतंच. 'हिप्नेरोतोमाकिया'च्या काही प्रतींत असं झालेलं आहे. एक खराब प्रत पाहून 'त्या काळात असंच झाकून छापत' असं लिहू नका. किमान दोन प्रती बघा.

## टप्पा ८ : मराठीत ओळ लिहा

आता शेवटचा रकाना भरायचा.

नावाचं एक रूप ठरवा आणि ते सोडू नका. 'सर्सी' लिहायचं की 'किर्के', हा वाद लेखाच्या मध्यावर करू नका. मी वाचकाला शोधायला सोपं जाईल ते प्रचलित रूप घेतो आणि पहिल्याच वेळी पुस्तकातलं रूप सांगून टाकतो. रोमन नावाचं ग्रीक नाव करायचा मोह मात्र टाळा. पुस्तकात 'मिनर्व्हा' छापलं असेल तर ओळीत मिनर्व्हाच हवी. 'ग्रीक कथेतली अथीना' हे तुमचं स्पष्टीकरण, ते स्वल्पविरामानंतर.

ओळीत पाच गोष्टी हव्यात: कोण, कुठला प्रसंग, कुणाचं पुस्तक, कुठली आवृत्ती, कुठलं पत्र. चित्र रेखाटणारा आणि ठसा कोरणारा हे पुष्कळदा दोन वेगळे कारागीर असतात, म्हणून 'अमुकनं कोरलेलं' लिहिण्याआधी थांबा. कोपऱ्यातली आद्याक्षरं दोघांपैकी कुणाचीही असू शकतात.

तयार ओळ अशी दिसते:

'सर्सी आणि युलिसिसचे प्राणिमुखी सोबती. हार्टमान शेडेलचा इतिहासग्रंथ, न्यूरेंबर्ग, आंटोन कोबर्गर, १४९३, पत्र ४१, पुढची बाजू. लाकडी ठसा, हातानं रंगवलेली प्रत.'

ओळख मजकुरावरून पक्की असेल तर नाव सरळ लिहा. फक्त वस्तूंवरून असेल तर 'बहुधा' लिहा. ठसा दुसरीकडेही वापरलेला असेल तर 'च्या मजकुराशेजारी' लिहा. तिन्हीपैकी काहीच जमत नसेल तर चित्रात दिसतं तेवढंच लिहा: 'चितेशेजारी उभी स्त्री, हातात सुरी'. चितेवरून आणि सुरीवरून पुढचा माणूस पुस्तकापर्यंत पोचेल.

ओळ प्रसिद्ध केल्यावर वही फेकू नका. त्याच ठशाची दुसरी प्रत, दुसरी आवृत्ती किंवा उलटी नक्कल पुढेमागे समोर येतेच, आणि तेव्हा चौथ्या रकान्यातल्या नोंदी लागतात. माझ्या वहीत थिस्बीच्या नोंदीला सिंहीण नंतर जोडलेली आहे, वेगळ्या शाईनं, पूर्ण चौकट पाहिल्याच्या तारखेसह.